पोवळं: झाड की हाड

समुद्र मी जन्मात पाहिलेला नाही. कोकणातली माणसं आमच्याकडे औषधाला यायची, त्यांच्या बोलण्यात तो यायचा, तेवढीच त्याची नि माझी ओळख. तरी एका उन्हाळ्यात आमच्या ओसरीवर समुद्राचा तळ मांडलेला होता आणि मी रोज दुपारी त्यात बसत असे.

तेव्हा आम्ही पुण्यात, कसब्यात राहत होतो. घरात सासूबाई, हे आणि मी. हे म्हणजे माझे यजमान. वैद्य होते. चाळिशी ओलांडल्यावर त्यांना जवळचं दिसेनासं झालं. पर्वतीचा कळस स्वच्छ दिसे, पण हातातल्या मुळीवरची रेघ दिसत नसे. मुळ्या आणि साली ते बोटांनी नि नाकाने ओळखत. पोथी मात्र बोटांनी वाचता येत नाही, म्हणून त्यांनी मला अक्षरं शिकवली. शेजारची एक बाई म्हणाली, बाईमाणसाने पोथी उघडली की घरात अवदसा येते. सासूबाईंनी तिला सांगितलं, अवदसा येईल तेव्हा येईल, तोवर औषधात चूक तरी होणार नाही.

चैत्र संपत आला होता. एका सकाळी दाराशी छकडा थांबला आणि एक उंच, उन्हाने रापलेला माणूस काठीच्या आधाराने उतरला. एक पाय घोट्यापर्यंत फडक्यात गुंडाळलेला. बरोबर वेताची मोठी करंडी होती, ती त्याने गाडीवानाला ओसरीवर जपून ठेवायला सांगितली. तो आरमारात तांडेल होता, म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा मुख्य. त्याच्या गावचा एक शिपाई शुक्रवार पेठेत राहत असे, त्याच्याकडे तो उतरला होता आणि त्यानेच आमचं घर दाखवलं होतं.

मी माजघराच्या दाराआड उभी राहून ऐकत होते. तांडेल सांगत होता की हिवाळ्यात त्यांचं गलबत मलबाराकडे जायला निघालं आणि वाऱ्याने भरकटून भर समुद्रात एका लहानशा बेटाला लागलं. बेटावर नारळाची झाडं नि पांढरी वाळू, बाकी काही नाही. माणसं काथ्या वळून पोट भरणारी. होडी ओढून काठाला आणताना लाटेने त्याला पाडलं आणि त्याचा पाय पाण्याखालच्या खडपात गेला. पाय फाटला. बाकीचे ओरखडे भरले, पण घोट्याखालची एक जागा काही केल्या मिटेना. वरून कातडी धरायची, आत ठणकायचं, मग फुटायचं, पुन्हा कातडी धरायची. किनाऱ्यावरच्या एका वैद्याने पोटिसं बांधली. तो म्हणाला, समुद्रातल्या झाडाचा काटा आहे, कुजेल आणि पुवाबरोबर बाहेर येईल. महिने गेले, आला नाही. दुसऱ्याने डाग द्यायला सांगितलं. तिसऱ्याने पायच काढावा लागेल म्हटलं, तेव्हा हा घाट चढून पुण्याला आला.

ह्यांनी विचारलं, करंडीत काय आहे?

तांडेल म्हणाला, "कशावर पडलो ते लाटेत दिसलं नाही, वैद्यबुवा. म्हणून त्या जागी होते ते सगळे प्रकार काढून आणलेत. ज्याने घाव केला तो यातच असणार."

झाकण काढलं तेव्हा ओसरीभर वास पसरला. खारट, थोडा कुबट, आमच्या घरात कधीच न आलेला. आत वाळलेल्या झावळ्यांचे थर आणि त्यात पांढऱ्या वस्तू. मला वाटलं, कुणी तरी मिठाची भाजी बाजारात आणली आहे. एक फांदी होती, सांबराच्या शिंगासारखी. एक गोळा होता, त्यावर सबंध नागमोडी वळणं. पातळ पानं होती, एकात एक गुंडाळलेली, कोबीसारखी नव्हेत, कमळासारखीही नव्हेत. आणि एक चपटी चकती, वर उभ्या पात्या, उलटी धरलेली अळंबीच.

ह्यांनी एकेक हातात घेतलं, अंगठा फिरवला, वास घेतला, जिभेलाही लावलं. मग म्हणाले, ही पोवळ्याचीच जात आहे.

पोवळं आम्हांला ठाऊक होतं ते तांबडं. सासूबाईंच्या गळ्यात त्याची माळ होती. औषधाला लागणाऱ्या फांद्या सुरतेकडून येत, त्या मी कित्येकदा गुलाबपाण्यात खलल्या होत्या. पण असं पांढरं, इतक्या रूपांचं पोवळं पुण्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. पोथीत पोवळ्याला वेल म्हटलं आहे. प्रवाळ या शब्दाचा अर्थच मुळी कोवळा अंकुर. म्हणजे किनाऱ्यावरचा वैद्य चुकीचं बोलला नव्हता, तोही पोथीलाच धरून होता.

रात्री जेवताना ह्यांनी मला अडचण सांगितली. लाकडाचा तुकडा अंगात राहिला तर कुजतो, मऊ पडतो, पोटीस बांधून वाट पाहिली की निघतो. हाड किंवा शिंग राहिलं तर ते कुजत नाही, तिथेच बसून आजूबाजूचं मांस कुजवतं. ते कापून काढावंच लागतं. आणि ती जागा अशी होती की बोटं चालवणारी शीर शेजारूनच जात होती. उगाच कापलं आणि आत काही निघालं नाही, तर पाय आपणच घालवला असं व्हायचं. तेव्हा आधी ठरवायला हवं होतं की हे झाड आहे की हाड.

"आणि ते तुझ्या डोळ्यांनी ठरवायचं आहे," ते म्हणाले. "माझे पर्वतीवर गेलेत."

दुसऱ्या दिवसापासून तांडेल रोज सकाळी येई. हे जखम धुऊन लेप बांधत आणि तो ओसरीच्या कोपऱ्यात पाय लांब करून बसे. त्याच्यासमोर मी बसणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो गेल्यावर दुपारी आमचं काम सुरू व्हायचं. मी हौदाचं पाणी आणायची. कात्रजहून नळाने आलेलं ते गोड पाणी त्या खाऱ्या दगडांवर ओतताना मला थोडं चमत्कारिक वाटे. काथ्याच्या कुंचल्याने मी त्यांच्या भोकांतली वाळू काढायची आणि एकेक पंचावर वाळत घालायची.

पहिल्या दिवशी मी लहान एकीकडे, मोठे एकीकडे असे ढीग केले. ह्यांनी हात फिरवून पाहिलं आणि विचारलं, कांदे निवडायला बसलीस का? मग मी आकारावरून लावले. फांद्या एका बाजूला, गोळे दुसऱ्या, पानं तिसऱ्या. हे बरं दिसलं. दोन दिवस आम्ही त्यातच खूश होतो.

ह्यांच्याकडे एक भिंग होतं. बुधवारातल्या एका अत्ताराकडे टोपीवाल्या गोऱ्यांच्या सामानातून आलेलं, पितळेच्या कड्यात बसवलेलं. ते डोळ्याशी धरून मी वळणं नसलेल्या एका गोळ्यावरची भोकं पाहिली आणि पाहतच राहिले. ती नुसती भोकं नव्हती. प्रत्येक भोक म्हणजे एक घर होतं. आत कडेपासून मध्यापर्यंत बारीक भिंती आलेल्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. घराला घर लागून, आणि प्रत्येकात तीच रांगोळी. मग मी एक जाड पान उचललं, जे मी दुसऱ्याच ढिगात ठेवलं होतं. त्यावरही तीच घरं, तीच रांगोळी. आणि दोन फांद्या, ज्या मी जुळ्या म्हणून शेजारी ठेवल्या होत्या, त्यांच्यात एकीची घरं तारकेसारखी आत खोल, दुसरीची नळीसारखी बाहेर आलेली, टोकाशी एक नळी सगळ्यांत मोठी.

मी हे ह्यांना सांगितलं. त्यांनी त्या दोन फांद्या पुन्हा हातात घेतल्या, डोळे मिटले आणि बराच वेळ नखाने चाचपत बसले.

"बाहेरचं रूप फसवतं आहे," ते म्हणाले. "घरावरून जात लाव."

मग सगळे ढीग मोडले आणि पुन्हा मांडले. पुढच्या दुपारी अशाच गेल्या. मी भिंगातून पाहायची आणि बोलायची, हे बोटांनी ऐकायचे. घरात सामसूम असायची. सासूबाई माजघरात पडलेल्या, परसात कडुनिंबाची फुलं गळत असायची, आतल्या खोलीत ह्यांच्या हाताखाली शिकणारा शिष्य खल चालवत असायचा. त्या खलाचा घरघराट ऐकता ऐकता मला पाण्याचा आवाज यायला लागे. खरा समुद्र कसा वाजतो मला ठाऊक नाही, माझा खलासारखा वाजे. भिंगात पाहून पाहून डोळे जड झाले की ती घरं मोठी होत जात. मी त्यांच्या भिंतींमधून चालते आहे, पायाखाली पांढरं, वर हिरवं, आणि हे कुठून तरी विचारत आहेत, आता काय दिसतं? मी काही तरी उत्तर देत असे. एकदा मी म्हणाले, दारं उघडी आहेत पण घरात कुणी नाही. हे म्हणाले, तू झोपली होतीस. पण ते वाक्य त्यांनी विसरू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, झाडाला एवढी घरं कशाला लागतील?

आम्ही नावं ठेवली, कारण नाव नसलेली वस्तू दुसऱ्याला सांगता येत नाही. खोल तारकांची ती तारांगणी. वळणावळणांची ती नागमोडी. पातळ पानांची ती पानवेली, ती वेल असो वा नसो. नळ्यांची, सांबराच्या शिंगासारखी ती शिंगी. चकती ती अळंबीच राहिली. एक तुकडा तांबड्या नळ्यांचा होता, एकाशेजारी एक उभ्या लावलेल्या पोकळ काड्यांसारख्या. रंग पाहून हे क्षणभर हरखले, पण सहाणेवर घासल्यावर तो औषधी पोवळ्यासारखा घट्ट निघाला नाही, भुगा झाला. त्याला बासरी म्हटलं.

झाड की हाड हे मात्र घरांवरून ठरेना. तेव्हा ह्यांनी तांडेलालाच विचारलं की पाण्यात हे सगळं कसं दिसतं. मी दाराआड बसून वाती वळत होते.

तांडेल एरवी कमी बोलणारा. त्या दिवशी मात्र तो हळूहळू बोलत राहिला. म्हणाला, पांढरं हे मेल्यावर. जिवंत असतं तेव्हा एकही पांढरं नसतं. शिंगीची टोकं जांभळी, नागमोडी शेवाळी हिरवी, काही पिवळी, काही आंब्याच्या कोवळ्या पालवीच्या रंगाची. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की तळ लुगड्याच्या दुकानासारखा दिसतो. दिवसा सगळं गुळगुळीत. ऊन उतरलं की प्रत्येक भोकातून एक फूल बाहेर येतं, केसाएवढ्या पाकळ्यांचं, आणि हात लावला की आत जातं.

ह्यांनी विचारलं, लाजाळूही मिटते, म्हणून ती काय गाय झाली?

तांडेल हसला नाही. म्हणाला, बेटावरचा एक म्हातारा त्याला त्या चकतीजवळ घेऊन गेला होता. माशाचा कण तिच्या मधल्या चिरेजवळ टाकला, तर चिरेने तो हळूहळू ओढून गिळला. दुसरा टाकला, तोही गिळला.

"झाड पाणी पितं, वैद्यबुवा. जेवत नाही," तो म्हणाला.

दुपारी हे मला म्हणाले, चूल पेटलेली आहे का? वाळलेली एक काटकी आणि शिंगीचा एक तुकडा आणायला सांगितला. माझ्या कुंचल्यानेही तो तुकडा पुरता धुतला गेला नव्हता, घरांच्या तळाशी काहीसा पिवळट चिकटा वाळलेला होता. आधी काटकी निखाऱ्यावर धरली, लाकडाचा धूर आला. मग तुकडा धरला. पहिल्यांदा काहीच नाही. मग तो वास आला. केस जळाल्याचा, नख जळाल्याचा. तो वास एकदा घेतलेला माणूस त्याला दुसरं काही समजणार नाही. लाकडाला तो कधी येत नाही, जिवाच्या अंगालाच येतो.

सासूबाई उठून आल्या. काय जाळता, त्यांनी विचारलं. ह्यांनी सांगितलं, खोटं बोलणं त्यांना जमत नसे. म्हणाले, आई, पोवळं हे हाड असावं. कुठल्या तरी बारीक जीवांचं.

त्या वस्तू मी हाताळल्या होत्या, धुतल्या होत्या, त्याच हातांनी स्वयंपाक केला होता. आणि सासूबाईंच्या गळ्यात ती माळ. त्यांनी माळेला हात लावला, मण्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "शंख देवापुढे चालतो. तो काय झाडाला लागतो?" आणि पुन्हा जाऊन पडल्या.

त्यांनी माळ काढली नाही. मीही मग त्या गोष्टीचा विचार सोडला.

आता एवढं उरलं की आत कुठल्या जातीचं हाड आहे, आणि आहे तरी का. मला सुचलं ते मलमाच्या मेणामुळे. मी म्हटलं, प्रत्येक जात मेणावर दाबून पाहिली तर तिचा ठसा उमटेल, आणि पायावरच्या वणांशी तो लावून पाहता येईल. ह्यांनी म्हटलं, पाय तुझ्यापुढे कसा आणायचा? मी म्हटलं, पायाचाही ठसा घ्या. तसं केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तांडेलाच्या घोट्याभोवती कोमट मेण बसवलं आणि ते कवच मला आणून दिलं. भरलेल्या ओरखड्यांच्या रेघा त्यात उमटल्या होत्या, जवळजवळ, समांतर. त्या पानवेलीच्या कडेशी तंतोतंत बसल्या. पण न मिटणाऱ्या जागेभोवती रेघा नव्हत्या. तिथे बारीक खड्ड्यांचं एक वर्तुळ होतं. तारांगणीशी ते जुळेना, नागमोडीशी जुळेना. शिंगीचं टोक दाबलं, मधली मोठी नळी आणि भोवती लहान नळ्या, आणि तेच वर्तुळ उमटलं.

शिंगी सगळ्यांत ठिसूळ होती. धुताना तिची टोकं माझ्याच हातून मोडली होती.

ह्यांनी आणखी एक खातरी करून घेतली. घोट्याखाली सगळीकडे चंदनाचा दाट लेप दिला. आत परकं काही असेल तर तिथे दाह असतो, आणि तिथला लेप आधी सुकतो. सगळा लेप ओला असताना डाळीएवढी जागा फिकट पडून तडकली. ह्यांनी तिथे काजळाची खूण केली.

त्यांनी तांडेलाला सरळ सांगितलं. हाडाचं टोक आत आहे असं आम्हांला वाटतं. चुकलो तर अंगठा कायमचा आखडेल. बरोबर निघालो तर पाय राहील. तांडेलाने विचारलं, आम्हांला म्हणजे कुणाला? ह्यांनी दाराकडे मान केली. त्याने दाराकडे पाहिलं. म्हणाला, मग करा.

सकाळचं ऊन ओसरीवर पुरतं आलं तेव्हा ह्यांनी शस्त्र घेतलं. शिपाई मित्राने पाय धरला होता. कातडी उघडली, रक्त आलं, शिष्याने टिपलं. हे करंगळीने आत चाचपत होते. त्यांच्या बोटांवर माझा विश्वास होता, त्यांचाही होता. पण बराच वेळ झाला आणि त्यांचं कपाळ घामाने भरलं. शिष्य वाकून वाकून पाहत होता, पण त्याला सगळं तांबडंच दिसत होतं. शीर कुठली, घाण कुठली, टोक कुठलं, त्याने ती जात भिंगातून पाहिलीच नव्हती.

ह्यांनी वर न पाहता म्हटलं, "बाहेर ये. तुला ते ओळखता येईल."

मी पदर घट्ट केला आणि ओसरीवर गेले. आत सासूबाई जाग्या होत्या, त्यांनी हाक मारली नाही. मी वाकले. शिष्याने पुन्हा टिपलं, आणि रक्त पुन्हा भरायच्या आत एका क्षणात मला ते दिसलं, पांढरं नव्हे, पिवळट, पण कडेला त्या नळ्या. शिरेच्या मागच्या अंगाला, खाली. मी म्हटलं, डावीकडे, शिरेच्या खाली, आडवं आहे. त्यांनी चिमटा तसाच नेला. कच्च असा बारीक आवाज झाला, घट्ट धरल्यासारखा, आणि ते बाहेर आलं. तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं. ह्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, सगळं आलं का? मी भिंगातून मोडलेली कड पाहिली. मधली नळी पुरी होती, भोवतीच्या पुऱ्या होत्या. मी म्हटलं, आलं.

तांडेलाने तो दाणा बघायला मागितला, बोटांत धरून उन्हात पाहिला आणि परत दिला. मग त्याने मान फिरवली आणि खांबाला टेकून रडला. शिपाई मित्र त्याची पाठ थोपटत राहिला. मी आत गेले.

जखम कडुनिंबाच्या पाण्याने धुतली, हळद नि मधाची पट्टी चालू ठेवली. ती आतून वर भरत आली आणि आषाढाच्या सुमारास मिटली. काठी टाकून तो मुठेच्या काठापर्यंत चालून आला त्या दिवशी हे स्वतः त्याच्याबरोबर गेले होते. अंगठा हलत होता. दसऱ्याला गलबतं पुन्हा पाण्यात जायची, त्याच्या आत तो घाट उतरला. करंडी मात्र त्याने नेली नाही. म्हणाला, मला ती ज्याच्यासाठी हवी होती ते काम झालं, आता तुमच्याकडेच शोभेल.

तांडेल गेल्यावर खरं तर काहीच करायचं उरलं नव्हतं. तरी आमच्या दुपारी तशाच राहिल्या. हे म्हणत, तारांगणीत दोन पोटजाती आहेत, बघ. मी पाही, आणि असत. एकीच्या घरांना सामाईक भिंत, दुसरीच्या घरांमध्ये बोळ. यात औषध नव्हतं, कुणाचा पाय नव्हता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण आम्ही दोघांनी मिळून बिनकामाचं असं काही केलं होतं ते तेवढंच. एखादे दिवशी हे विचारत, आज ही कुठल्या रंगाची होती असं तुला वाटतं? मी जांभळी म्हणे. ते म्हणत, पालवीच्या रंगाची. त्यावरून आमचं भांडण होई, आणि ते फार चांगलं भांडण असे.

मग शत्रूची फौज पुण्यावर चालून येते आहे अशी वार्ता आली. पेठा रिकाम्या व्हायला लागल्या. ज्याला जिथे आसरा मिळेल तिथे माणसं गेली. आम्ही सासूबाईंना डोलीत बसवून सिंहगडाखालच्या एका गावात ह्यांच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेलो. बरोबर पोथ्या, औषधांच्या पिशव्या आणि देव. करंडीला हात लावून मी उभी राहिले होते. हे म्हणाले, दगडांना कोण नेणार, तिथेच राहू दे, परत आल्यावर आहेतच. गोठ्याशेजारच्या खोलीत आम्ही दिवस काढले. पुण्याच्या बाजूला आकाश तांबडं झालेलं आम्ही तिथून पाहिलं.

परत आलो तेव्हा आमची आळी जळलेली होती. भिंती होत्या, आढी नव्हती. ओसरीच्या कोपऱ्यात राखेचा ढीग होता आणि त्यात आमच्या जाती जशाच्या तशा मांडलेल्या दिसत होत्या. तारांगणी, नागमोडी, पानवेली, पूर्वीपेक्षाही पांढऱ्या. मला आनंदाने काही सुचेना. मी ह्यांना हाताला धरून तिथे नेलं आणि नागमोडी उचलायला गेले, तर ती बोटांत विरघळली. पीठ झालं. दुसरी उचलली, तीही. रूप सगळं होतं, आत काही नव्हतं.

ह्यांनी ते पीठ बोटांवर घेतलं, वर दोन थेंब पाणी टाकलं. ते तापलं आणि फसफसलं. "चुना झाला," ते म्हणाले.

पावसाचे दिवस जवळ आले होते, घर उभं करायचं होतं आणि चुना गावात मिळत नव्हता. गवंड्याने विचारलं की हे घेऊ का. ह्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मी घे म्हटलं. देवघराची भिंत त्यात झाली.

सासूबाई त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. शेवटी त्यांनी माळ काढून माझ्या गळ्यात घातली आणि हाडाची आहे म्हणून टाकू नकोस, एवढं सांगितलं. हे पुढे पुरते आंधळे झाले. तरी वैद्यकी चालू राहिली. शिष्यांना प्रवाळ शिकवायची वेळ आली की ते पोथीतला श्लोक म्हणून दाखवत, वेल हाच शब्द उच्चारत, आणि मग म्हणत, आता खरं काय ते हिला विचारा. मी भिंतीशी बसून घरांबद्दल सांगत असे, दाखवायला काही नसताना. मुलं ऐकत. काही हसत. एकाने विचारलं होतं, काकू, तुम्ही बेटावर कधी गेला होतात? हे म्हणाले, ही रोज दुपारी जात असे.

हे गेल्यालाही आता पुष्कळ दिवस झाले. दुपारी मी अजून आडवी होते. कधी डोळा लागतो, कधी नाही. शेजारच्या घरात दळण चाललेलं असतं, आणि जात्याचा आवाज लांबून येतो, त्या खलासारखाच.